पंचनाम्यात ‘अंशतः’ लिहिलं तेव्हा : तौक्तेनंतर एका कोळी कुटुंबाची फाइल

“सर, बोट बुडाली असती तर जास्त मिळाले असते ना?”

काकींनी हे विचारलं ते बाजारात भाव विचारावा इतक्या सरळपणे. जून २०२१ चा पहिला आठवडा होता. मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयात टेबलावर पंचनाम्याची झेरॉक्स होती आणि ‘नुकसानीचे स्वरूप’ या रकान्यात निळ्या शाईने एकच शब्द लिहिलेला होता : अंशतः. मदतीचा जीआर, म्हणजे शासन निर्णय, मी वाचलेला होता. पूर्णतः नष्ट झालेल्या बोटीला २५,००० रुपये, अंशतः नुकसान झालेल्या बोटीच्या दुरुस्तीला १०,०००. “हो काकी, पंधरा हजार जास्त मिळाले असते,” एवढंच मी म्हणालो. नाखवांनी, म्हणजे बोटीचे मालक असलेल्या काकींच्या नवऱ्यांनी, ती झेरॉक्स उचलली आणि पालथी करून ठेवली.

हे प्रकरण त्या एका फाइलचं आहे. मी निवृत्त शिक्षक, कोळीवाड्याच्या मागच्या गल्लीत राहतो. वादळानंतर काही महिने सोसायटीत बसून लोकांचे अर्ज भरून द्यायचं काम केलं. त्यातली हीच फाइल निवडली, कारण सरकारी मदत कुठून निघते, कुठे अडते आणि कुठपर्यंत पोचतच नाही, हे सगळं या एका घरात दिसलं. कुटुंबाच्या सांगण्यावरून नावं लिहिलेली नाहीत. पश्चिम उपनगरातला, खाडीच्या मुखावरचा कोळीवाडा आहे, इतकं पुरे.

सतरा मे

मुंबईकरांना पुराची आठवण म्हटली की २६ जुलै २००५ आठवतो. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस आणि मिठी नदीचं पाणी घराघरांत. कोळीवाड्याची भीती वेगळी असते. आमच्याकडे आभाळापेक्षा वारा आधी बघतात. तौक्ते चक्रीवादळाचं केंद्र मुंबईच्या किनाऱ्यावर आलंच नाही, ते समुद्रातून उत्तरेला सरकत १७ मेच्या रात्री गुजरातमध्ये दीवजवळ जमिनीवर चढलं. पण जाता जाता कुलाब्यात वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेला, सांताक्रूझला २४ तासांत सुमारे २३० मिलिमीटर पाऊस झाला, आणि तोही मे महिन्यात. विमानतळ कित्येक तास बंद होता. बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ पी-३०५ हा बार्ज बुडाला आणि सत्तरहून अधिक माणसं गेली. त्या दिवसांत सगळ्यांचं लक्ष तिकडे लागलेलं होतं आणि ते लागायलाच हवं होतं.

इशारे आधीच आले होते, बोटी परत बोलावल्या होत्या. नाखवांची बोट लहान, डोल जाळ्याची, लाकडावर फायबर चढवलेली. पावसाळी मासेमारीबंदी १ जूनपासून, म्हणजे शाकारणीला, बोट पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवायला, दोन आठवडे बाकी होते. किनाऱ्यावर ओढून घ्यायला जागा नव्हती, कारण मोकळी जागा आमच्याकडे कधीच नसते. खाडीत गाळ इतका साचला आहे की पाणी राहतं त्या पट्ट्यात सगळ्या बोटी एकमेकींना खेटून उभ्या कराव्या लागतात. नाखवांनी दोन नांगर टाकले होते. दुपारी तीनच्या सुमारास शेजारच्या मोठ्या बोटीचा दोर तुटला आणि ती लाटेगणिक यांच्या बोटीवर आदळत राहिली. डाव्या बाजूच्या फळ्या फुटल्या, इंजिनात खारं पाणी गेलं.

मग गल्लीतली दहाबारा पोरं कमरेला दोर बांधून पाण्यात उतरली. अंधार पडेपर्यंत त्यांनी बोट धरून ठेवली आणि ओहोटी लागल्यावर ओढून चिखलात बसवली. मी हे डोळ्यांनी बघितलं आहे. त्या पोरांनी बोट वाचवली नसती तर रकान्यात ‘पूर्णतः’ आलं असतं. काकींच्या प्रश्नाच्या मागे हे होतं.

भाऊसाहेब आले

पंचनामा २० मे रोजी झाला. तलाठी भाऊसाहेब, मत्स्यव्यवसाय विभागाचा एक कर्मचारी आणि गावातले दोन पंच. तलाठी तरुण होता. कोविडची ड्युटी करून आलेला, तोंडावर दोन मास्क, डोळे तांबारलेले. त्याच्याविषयी माझ्या मनात राग नाही. त्याच्या हातात जो छापील तक्ता होता त्यात बोटीसाठी दोनच घरं होती. त्याने बोटीभोवती एक फेरी मारली, फुटलेल्या फळ्यांचा फोटो काढला आणि विचारलं, “बोट जाग्यावर आहे ना? मग अंशतः.”

नाखवांनी इंजिनाचं झाकण उघडून दाखवलं. तीन दिवसांत आत पांढरा खार चढला होता, बोटाने खरवडला की पापुद्रा निघायचा. पाण्यात बुडालेलं इंजिन लगेच उघडून, धुऊन, तेल बदलून ठेवलं तर वाचतं. पण टाळेबंदीत मेकॅनिक येऊ शकत नव्हता, लोकल सामान्य माणसाला बंद होती. तलाठ्याने बघितलं आणि प्रामाणिकपणे म्हणाला, “इंजिनाला वेगळा रकाना नाही, नाखवा.”

तिथेच मला या मदतीची जात कळली. पंचनाम्याच्या दिवशी वस्तू कोणत्या अवस्थेत आहे तेवढं ती मोजते. बोट पुन्हा पाण्यात जायला काय लागेल, किती दिवस लागतील, तोवर घर कशावर चालेल, हा हिशेब त्या तक्त्यात कुठेच नाही.

घरी आल्यावर नाखवांच्या मुलाने वहीत हिशेब मांडला, मी बेरीज तपासली. फळ्या, सुतार आणि फायबरचं काम ८२,०००. इंजिन ४६,०००. समुद्रात राहून गेलेलं एक डोल जाळं, दोर आणि बोयांसकट ७०,०००. बोटीवरच्या दुसऱ्या फाटलेल्या जाळ्याची दुरुस्ती १२,०००. वायरलेस, जीपीएस, बॅटरी १८,०००. घराचे पत्रे २४,०००. आणि काकींचे सुके बोंबील ३८,०००. एकूण २,९०,०००. फुगवलेला आकडा यात एकही नव्हता. नवं इंजिन लिहायचा मोह मुलाला झाला होता, नाखवांनीच खोडायला लावलं.

पैसा कुठून निघतो

आपल्याकडे बातमी येते ‘पॅकेज जाहीर’ अशी, आणि वाचणाऱ्याला वाटतं की कुणीतरी तिजोरी उघडली. खरी रचना बरीच आधी ठरलेली असते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली प्रत्येक राज्याचा आपत्ती प्रतिसाद निधी असतो. महाराष्ट्रासारख्या राज्यात त्यातला ७५ टक्के वाटा केंद्राचा, २५ टक्के राज्याचा. रक्कम वित्त आयोग ठरवतो, केंद्राचा वाटा वर्षातून दोन हप्त्यांत येतो. २०२१-२२ साठी महाराष्ट्राच्या या निधीचा आकार सुमारे ३,४३६ कोटी रुपये होता, देशातल्या राज्यांत सगळ्यात मोठा. राज्याला न झेपणारी मोठी आपत्ती असेल तर राज्याने निवेदन पाठवायचं, केंद्राचं पथक पाहणी करून जातं, मग राष्ट्रीय निधीतून जादा मदत मंजूर होते. कधी आगाऊही येते. तौक्तेनंतर १९ मे रोजी पंतप्रधानांनी गुजरातची हवाई पाहणी करून त्या राज्याला तातडीचे १,००० कोटी जाहीर केले होते.

त्या वर्षी या निधीवर आणखी एक ओझं होतं. नेहमी जूनमध्ये येणारा केंद्राचा पहिला हप्ता एप्रिलअखेरीसच सोडला गेला आणि त्यातली निम्म्यापर्यंतची रक्कम कोविडवर वापरायला राज्यांना परवानगी होती. ऑक्सिजनला आणि बोटीच्या फळ्यांना पैसा एकाच खिशातून जात होता. ऑक्सिजन आधी, यात मला तरी शंका नाही.

निधीतून कशाला किती द्यायचं याचे निकष केंद्र ठरवतं. २०२१ मध्ये लागू असलेल्या निकषांत अंशतः नुकसान झालेल्या बोटीला ४,१००, पूर्ण गेलेल्या बोटीला ९,६००, फाटलेल्या जाळ्याला २,१००, गेलेल्या जाळ्याला २,६०० होते. किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ५,२००. राज्याला यापेक्षा जास्त द्यायचं असेल तर ते स्वतःच्या पैशातून द्यायचं. महाराष्ट्राने जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर ते केलं होतं आणि तौक्तेतही तेच दर ठेवले : बोटीला १०,००० आणि २५,०००, जाळ्याला ५,०००, अंशतः पडलेल्या घराला १५,०००. राज्याने जाहीर केलेल्या सुमारे २५२ कोटींपैकी ७२ कोटी प्रतिसाद निधीच्या निकषांतले आणि सुमारे १८० कोटी राज्याचे स्वतःचे होते. या घराचा हिशेब केंद्राच्या निकषांनी केला असता तर ११,४०० रुपये हातात पडले असते. राज्याने भर घातल्यामुळे ३०,००० झाले. ही भर खरीच मोलाची होती आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं. तरीही २,९०,००० च्या समोर ती दहा टक्क्यांच्या जरा वर जाते.

निकषांत हा शब्द ‘सहाय्य’ असाच आहे, नुकसानभरपाई नाही. सरकारची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. हजारो कुटुंबांना एका दरात, थोड्या दिवसांत पैसे पोचवायचे तर दर ठोक आणि लहानच ठेवावे लागतात. प्रत्येक बोटीचं मूल्यमापन करायला सर्व्हेअर बसवले तर वर्ष जाईल. माझं म्हणणं इतकंच की ही पहिली मदत आहे, आणि आपण तिलाच शेवटचीही करून टाकली आहे.

जाळं दाखवा

फाटलेलं जाळं अंगणात पसरून ठेवलं होतं, त्याचा फोटो निघाला, ५,००० ची नोंद झाली. प्रश्न दुसऱ्या जाळ्याचा होता.

“जाळं कुठाय?”

“दर्यात.”

“मग पंचनामा कशाचा करू?”

डोल जाळं समुद्रात खुंटांना बांधून ठेवलेलं असतं. ते गेलं की खुंटही सापडत नाही. जी वस्तू पूर्ण नष्ट झाली तीच दाखवता येत नाही आणि दाखवता येत नाही म्हणून ती नष्ट झाल्याचं लिहिता येत नाही. सोसायटीने दाखला दिला, ज्या दुकानातून सूत घेतलं त्याचं जुनं बिल नाखवांच्या भावाच्या घरी ट्रंकेत मिळालं. बिल बारदानाला चिकटलेलं, अर्धं पुसलेलं. आम्ही ते जोडून पुन्हा अर्ज दिला. उत्तर आलं की एका परवान्यावर जाळ्याची मदत एकदाच मिळेल, आणि ती फाटलेल्या जाळ्याची मंजूर झालेली आहे. मी लेखी उत्तर मागितलं. ते आजतागायत आलेलं नाही.

बोट नोंदलेली होती, ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होणारा क्रमांक तिच्या नाळीवर रंगवलेला होता, परवाना चालू होता. म्हणून निदान फाइल तयार झाली. आमच्याच गल्लीत दोन छोट्या होड्या बिननोंदणीच्या होत्या. त्यांचं काय झालं हे लिहायला वेगळं पान लागेल, पण फाइल झाली नाही इतकं नक्की.

काकींचे बोंबील

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट आता सांगतो.

मेच्या उन्हात बोंबील सुकवून ठेवायचे आणि पावसाळ्यात, बोटी बंद असताना, विकायचे. कोळणीचं हे भांडवल. बोट नाखवाची, ताजी मासळी दोघांची, पण सुका माल बहुतेक घरांत बाईचा असतो. तिची गिऱ्हाइकं, तिची उधारी, तिची वही. जूनची शाळेची फी, गौरी-गणपतीचं सामान, औषधपाणी या पैशातून निघतं. वादळाच्या सकाळी काकींच्या वलांड्यांवर, म्हणजे मासळी टांगून सुकवायच्या बांबूच्या मांडणीवर, अर्धवट सुकलेले बोंबील होते आणि खोलीत गोण्यांत भरलेले तयार. वलांड्या वाऱ्याने आडव्या केल्या. खोलीत भरतीचं पाणी घोट्यापर्यंत शिरलं. ओल्या झालेल्या सुक्या बोंबलाला कुणी बघितलं असेल तर ठाऊक असेल : तासाभरात फुगतो, मऊ पडतो आणि दुसऱ्या दिवशी त्या वासाने माणूस दारात उभा राहू शकत नाही. काकींनी गोण्या एकट्याने उपसल्या. खताला घेणाऱ्यालाही विचारलं, टाळेबंदीत कुणी आलं नाही. शेवटी ओहोटीला खाडीत सोडून दिले.

पंचनाम्यात याचा उल्लेखसुद्धा नाही. निकषांत मत्स्यव्यवसायाखाली बोटी आहेत, जाळी आहेत, मत्स्यशेतीला हेक्टरी मदत आहे. सुकी मासळी नाही. मी केंद्राचे निकष पुन्हा पुन्हा वाचले तेव्हा एका ओळीवर अडकलो. हातमाग आणि हस्तकलेच्या कारागिरांना हत्यारांसाठी वेगळे आणि ‘कच्चा माल, तयार होत असलेला माल, तयार माल’ गेल्याबद्दल वेगळे पैसे आहेत, तेव्हा प्रत्येकी ४,१०० रुपये. म्हणजे विणकराच्या मागाचं नुकसान वेगळं आणि विणून ठेवलेल्या लुगड्याचं वेगळं, हे सरकारला मान्य आहे. मग वलांडीवरचा बोंबील हा तयार होत असलेला माल नाही का? गोणीतला बोंबील तयार माल नाही का? मी हा मुद्दा अर्जात लिहिला. ज्या बाबूंनी वाचला त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, “मुद्दा बरोबर आहे सर, पण हेड कोणतं टाकू?” हेड म्हणजे खर्च ज्या खाली दाखवायचा ते लेखाशीर्ष.

दोनच महिन्यांनी, जुलै २०२१ च्या महापुरानंतर, याच राज्याने दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, जास्तीत जास्त ५०,००० आणि टपरीवाल्यांना १०,००० रुपये देण्याचा निर्णय घेतला. महाड-चिपळूणच्या बाजारपेठा बुडाल्या होत्या, तिथे ते गरजेचंच होतं. त्यावरून एवढं सिद्ध होतं की मालाचं नुकसान धरता येतं. कोळणीचा माल धरायचा राहिला, कारण ती दुकानदारही नाही, टपरीवालीही नाही आणि कारागीरही नाही.

कपडे-भांड्यांच्या मदतीचंही असंच झालं. निकष म्हणतो, घर वाहून गेलेलं किंवा पूर्ण पडलेलं हवं, नाहीतर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्याखाली हवं. हा निकष नदीकाठच्या गावाला लागू पडतो. आमच्याकडे भरतीला शिरलेलं पाणी ओहोटीला उतरतं. सहा तासांत गादी, तांदूळ, पोरांची पुस्तकं सगळं जातं, पण दोन दिवस काही पुरे होत नाहीत.

घर, खातं आणि तीन महिने

घराचं त्यामानाने लवकर मिटलं. मदतीसाठी घराचं बांधकाम अधिकृत असावं अशी अट आहे. गावठाणातलं घर पिढ्यांपासून उभं, पण मिळकत पत्रिका आजोबांच्या नावावर आणि मुंबईतल्या कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळलेला. शेवटी वीजबिल, कराची पावती आणि रेशनकार्ड यावर भागलं. काकींच्या खात्यात १५,००० जुलैमध्ये आले. पत्रे त्याआधीच उधारीवर टाकून घेतले होते, कारण पाऊस जुलैपर्यंत थांबत नाही.

बोट आणि जाळ्याचे १५,००० मात्र येईनात. नाखवा दर आठवड्याला बस बदलत तहसील कार्यालयात जात. “बिल गेलं आहे” हे उत्तर. ऑगस्टच्या शेवटी एका भल्या कारकून बाईंनी यादी नीट पाहिली तेव्हा उलगडा झाला. पैसे गेले होते आणि परत आले होते. नाखवांचं खातं ज्या बँकेत होतं ती दुसऱ्या मोठ्या बँकेत विलीन झालेली. त्या काळात बऱ्याच बँकांचे आयएफएससी कोड बदलले. पासबुक जुनंच, अर्जावर मी स्वतः त्या पासबुकावरचा कोड उतरवला होता. ही माझी चूक. नवीन पासबुक छापून आणा, असं मी एका वाक्यात सांगितलं असतं तर त्या माणसाचे निदान सहा आठवडे वाचले असते. त्यानंतर आलेल्या प्रत्येकाला मी आधी पासबुक बदलून आणायला लावलं. पैसे २४ सप्टेंबरला जमा झाले.

तोवर काय? मासेमारीबंदी ३१ जुलैला उठली. २२ ऑगस्टला नारळी पौर्णिमा झाली, नाखवांनी नारळ सोडला, बोट मात्र किनाऱ्यावर उलटी होती. बोंबलाचे, कोळंबीचे हे सोन्यासारखे महिने. ऑगस्टमध्येच त्यांनी मासळीच्या व्यापाऱ्याकडून दीड लाख आगाऊ घेतले. या पैशाला व्याज नसतं. अट अशी की वर्षभर सगळी मासळी त्यालाच द्यायची, आणि भाव तो सांगेल तो. बाजारभावापेक्षा किलोमागे कितीतरी कमी. काकींच्या पाटल्या ६०,००० ला गहाण गेल्या. तीन खलाशी होते, त्यातले दोन दुसऱ्या बोटीवर गेले. बोट समुद्रात उतरली नोव्हेंबरच्या मध्यावर, हंगामाचे साडेतीन महिने हुकवून.

म्हणजे पुनर्बांधणी झाली. तिचा खर्च व्यापाऱ्याने आणि काकींच्या पाटल्यांनी केला. व्यापाऱ्याचा पैसा दोन दिवसांत आला होता, माझा कोड चुकूनसुद्धा काही बिघडलं नाही. सरकारचा पैसा व्यापाऱ्याआधी पोचला असता, आणि थोडा मोठा असता, तर नाखवा वर्षभर त्याच्याकडे बांधला गेला नसता.

दुसरा पैसा

असा दुसरा, पुनर्बांधणीचा पैसा कागदावर होता, ही गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक आहे. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी राज्यांच्या आपत्ती निधीचे वाटे पाडून दिले. एकूण रकमेतले २० टक्के सौम्यीकरणासाठी, म्हणजे आपत्तीचा मार आधीच कमी करण्यासाठी. उरलेल्या ८० मध्ये ४० टक्के तातडीच्या मदतीला, ३० टक्के पुनर्प्राप्ती आणि पुनर्बांधणीला, १० टक्के तयारीला. पाच वर्षांसाठी सगळ्या राज्यांचे मिळून १,६०,१५३ कोटी रुपये. महाराष्ट्राच्या २०२१-२२ च्या वाट्यावर हिशेब केला तर पुनर्बांधणीचा भाग सुमारे १,२८९ कोटी होतो. तौक्ते आलं ते नेमकं या रचनेच्या पहिल्याच वर्षात. आमच्या फाइलवर मात्र एकच हेड होतं.

माझ्या मते या प्रकरणात हे शक्य होतं. पहिले दहा हजार पंचनाम्यावर, आहेत तसेच, पंधरा दिवसांत. त्यानंतर बोटीचा नोंदणी क्रमांक धरून दुसरा टप्पा : सुताराचं आणि इंजिन दुरुस्तीचं अंदाजपत्रक सोसायटीने तपासायचं, मत्स्यव्यवसाय विभागाने मंजूर करायचं आणि ठरावीक मर्यादेपर्यंतचे पैसे काम करणाऱ्याच्या खात्यात थेट टाकायचे. अनुदान नको असेल तर बिनव्याजी कर्ज द्या. सोसायट्या डिझेल परताव्याचे कागद वर्षानुवर्षं सांभाळतात, त्यांना हेही जमेल. यात खोटी बिलं येतील, असा आक्षेप एका अधिकाऱ्यांनी माझ्याकडे घेतला. येतील काही. पण बोट पाण्यात गेली की नाही हे धक्क्यावर उभं राहून कुणालाही दिसतं. यापेक्षा सोपी तपासणी कुठल्या योजनेत असते?

आणि सौम्यीकरणाचा पैसा. नाखवांची बोट वाऱ्याने थेट फोडली नाही, शेजारच्या बोटीने फोडली, आणि त्या दोन बोटी खेटून होत्या त्या गाळामुळे. वित्त आयोगाने शहरी पुरासाठी सात मोठ्या शहरांना मिळून २,५०० कोटींची शिफारस केली, त्यात मुंबईचे ५०० कोटी आहेत. पर्जन्यजलवाहिन्या आणि पंपिंग स्टेशन यांची चर्चा होते, व्हायलाच हवी. त्याच चर्चेत खाड्यांमधला गाळ, बोटी बांधायचे पक्के खुंटे आणि वादळात बोट ओढून घ्यायला चार गुंठे मोकळी जागा यायला हवी. ही जागा कुणाच्या तरी प्रकल्पात जाते आणि मग वादळानंतर आम्ही दहा हजारांच्या रांगेत उभे राहतो.

पुढचा मे

२०२२ मध्ये केंद्राने निकष बदलले. अंशतः बोटीला ६,०००, पूर्ण बोटीला १५,०००, फाटलेल्या जाळ्याला ३,०००, गेलेल्या जाळ्याला ४,०००. घराचे दरही वाढले, कपड्यांचे आणि भांड्यांचे प्रत्येकी २,५०० झाले. बोट-जाळ्याचे हे दर राज्याने तौक्तेत दिलेल्या रकमेपेक्षा तरीही कमीच होते. इंजिन आणि सुकी मासळी यांचा रकाना त्यातही आला नाही.

सोसायटीने आता दर मे महिन्यात एक काम ठरवून घेतलं आहे. बंदीआधी प्रत्येक बोटीचा, इंजिनाच्या क्रमांकाचा, जाळ्यांचा तारखेसकट फोटो, बिलांच्या प्रती आणि चालू पासबुकाचं पान. फाइल सोसायटीत राहते. मे २०२२ मध्ये मी नाखवांच्या अंगणात त्यांच्या नव्या जाळ्याचा फोटो काढत होतो. काकींनी हाक मारली, “सर, हिकडे या, ह्याचापण काढा.” वलांड्या नवीन बांबूच्या होत्या, पाचही ओळी भरलेल्या, बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले. खोलीत गोण्या फळीवर चढवून ठेवल्या होत्या, जमिनीपासून गुडघाभर उंच. त्यांनी एकेक गोणी हाताने थापटून मला मोजायला लावली.

तो फोटो फाइलमध्ये लावला आहे. छापील अर्जात त्याच्यासाठी जागा नाही म्हणून मागच्या कोऱ्या बाजूला मी लिहिलं : सुके बोंबील, तयार माल, आठ गोण्या. खाली काकींनी सही केली.